काउंटरटेनर आणि पियानो: बरोक गाण्यांत उजव्या हातानं काय वाजवायचं?

काळी_पाच

नमस्कार. प्रश्न जरा लांब आहे. आखडता लिहिला तर नेमकी अडचण कळणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी पियानो वाजवते आणि गेली 18 वर्षं बहुतेक वेळ गायकांच्या साथीला बसते. शूबर्ट, शूमान, ब्राम्स यांच्या गाण्यांत माझे हात आपोआप चालतात. आता एका काउंटरटेनर (बायकांच्या उंचीवर गाणारा पुरुष गायक) मित्राबरोबर अल्बम करायचं ठरलं आहे. फक्त तो आणि पियानो, अंदाजे 55 मिनिटं, सगळी गाणी 17व्या आणि 18व्या शतकातली, म्हणजे बरोक काळातली.

सुरुवात कच्चीनीच्या 'अमारिल्ली'नं. मग मोंतेवेर्दीचं 'सी दोल्चे', बार्बरा स्त्रोत्सीचं 'के सि प्वो फारे', पेर्गोलेझीचं 'से तू मामी'. मधला मोठा भाग पर्सेलचा: 'म्यूझिक फॉर अ व्हाइल', 'स्वीटर दॅन रोझेस', 'इफ म्यूझिक बी द फूड ऑफ लव्ह', 'फेअरेस्ट आइल' आणि 'ईव्हनिंग हिम'. शिवाय हँडेलच्या दोन आरिया, 'वेर्दी प्राती' आणि 'ओम्ब्रा माइ फू'. शेवट कशानं करायचा यावर आमचं अजून एकमत नाही. त्याला 'ओम्ब्रा' हवं, मला 'ईव्हनिंग हिम'.

गेल्या महिन्यात एक दुपार आम्ही चाचणी म्हणून ध्वनिमुद्रण केलं. 'म्यूझिक फॉर अ व्हाइल'चे चार टेक झाले. पहिला ऐकताना मला वाटलं, माइक चुकीच्या जागी लावलाय. खोलीत इतका उजळ आणि जवळचा वाटणारा त्याचा आवाज माझ्या उजव्या हाताच्या आड गेला होता. दुसऱ्या टेकला मी हळू वाजवलं. तिसऱ्याला आवाज मऊ करणारं डावं पेडल दाबून धरलं. चौथ्याला पियानोचं झाकणच खाली केलं. प्रत्येक टेकला तो आणखी मागे गेला, आणि शेवटचा टेक तर ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखा ऐकू आला. तो म्हणाला, "तू मला सगळीकडून धरून ठेवत्येस. मला उभं राहायला जागा दे."

इतक्या वर्षांत कुठल्याही गायकानं मला असं म्हटलेलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तर विचारायचंय ते असं. छापील प्रतीत उजव्या हातासाठी जे स्वर लिहिलेत ते तसेच्या तसे वाजवायलाच हवेत का? (पर्सेलसाठी मी 20व्या शतकातल्या बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराची प्रत वापरते, इटालियन गाण्यांसाठी जुन्या संग्रहातली.) पेडल किती घ्यावं? पट्टी उतरवावी का? आणि एक प्रश्न मनात आहे तो स्पष्टच विचारते: या गाण्यांना पियानो लावणंच चूक आहे का? असेल तर आत्ताच कळलेलं बरं. ही गाणी मला फार प्रिय आहेत, माझ्या हौसेपायी ती बिघडायला नकोत.


जुनी_तबकडी

मी वादक नाही, ऐकणारा आहे. पण काउंटरटेनर हा आवाज 40 वर्षं ऐकतोय, म्हणून लिहितो.

आल्फ्रेड डेलर हा काउंटरटेनर कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये गात असताना संगीतकार मायकेल टिपेटनं त्याला ऐकलं. पुढे 1946 साली बीबीसीचा थर्ड प्रोग्राम (ही रेडिओवाहिनी) सुरू झाला, त्या पहिल्या रात्री डेलर पर्सेल गायला. चर्चच्या वृंदातला एक आवाज तिथून एकट्याच्या बळावर लोकांपुढे आला. डेलरची मला सगळ्यात आवडणारी मुद्रणं डेझमंड डूप्रेच्या ल्यूटबरोबरची (हे गिटारसारखं छेडून वाजवायचं जुनं वाद्य) आहेत. का, ते सांगतो. ल्यूटची तार छेडली की स्वर येतो आणि लगेच विरायला लागतो. त्या विरण्यात गायकाचा आवाज एकटा राहतो, आणि तो एकटा राहतो म्हणूनच शब्द काळजाला भिडतो. पियानोचा स्वर इतक्या लवकर जागा सोडत नाही.

म्हणून माझं प्रामाणिक मत: मी असतो तर ल्यूटवाला शोधला असता. तुमचा निर्णय झालाच असेल तर एका प्रश्नाचं उत्तर मात्र स्वतःला द्या. ल्यूट किंवा हार्पसिकॉर्डला देता येणार नाही असं तुमचा पियानो या गाण्यांना काय देणार आहे? ते सापडलं तर मी आनंदानं ऐकेन.


खर्ज

काळी पाच ताई, मी हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं, तारा छेडणारं पट्ट्यांचं वाद्य) वाजवतो, क्वचित ऑर्गन. गायकांमागे कंटिन्युओ, म्हणजे खर्जाच्या ओळीवरून रचलेली साथ, वाजवणं हेच माझं काम. तुमचे चार टेक वाचताना वाईट वाटलं, कारण दुखणं कुठे आहे ते मला स्पष्ट दिसतंय आणि ते तुमच्या पियानोत नाही.

आधी पियानोवरचा आरोप निकाली काढू. क्रिस्तोफोरीनं फ्लॉरेन्समध्ये पहिला पियानो 1700च्या सुमारास बनवला. त्याचा 1720चा एक पियानो आजही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. इंग्रज संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नी 1770 साली बोलोन्याला फारिनेल्लीला भेटायला गेला होता. युरोपभर गाजलेला तो कास्त्रातो (उंच आवाज टिकावा म्हणून लहानपणीच खच्चीकरण केलेला गायक) तेव्हा उतारवयात होता. त्याच्या घरातल्या वाद्यांत त्याचं सगळ्यात लाडकं होतं ते फ्लॉरेन्समध्ये 1730 साली बनलेलं पियानोफोर्टे. त्याला त्यानं चित्रकाराचं नाव दिलं होतं, राफाएल. त्या काळातल्या सर्वांत मोठ्या उंच आवाजाच्या गायकाला पियानो परका वाटला नव्हता. अर्थात तो पियानो हलका आणि कोरड्या आवाजाचा. तुमच्या समोरचा लोखंडी चौकटीचा पियानो ही वेगळी गोष्ट, आणि तो कसा वाजवायचा हाच खरा प्रश्न आहे.

आता कागद पाहू. कच्चीनीनं 'अमारिल्ली' छापलं 1602 साली, 'ले नुओवे म्यूझिके' या संग्रहात. त्या पानावर दोनच ओळी आहेत, वर गळा आणि खाली खर्ज. खर्जाच्या ओळीला अधूनमधून आकडे लावलेत, त्यावरून वादकानं स्वरसंगती ओळखायची. तिसरी ओळ नाहीच. पर्सेलची बरीच गाणी त्याच्या मृत्यूनंतर 1698 आणि 1702 साली 'ऑर्फिअस ब्रिटानिकस'च्या दोन खंडांत छापली गेली, तिथेही हेच. उजव्या हातासाठी तुम्ही जे काही वाजवताय ते दोन-तीनशे वर्षांनंतर कुणी तरी भरलेलं आहे. चांगलं असेल, वाईट असेल, पण ते गाण्याचा भाग नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं. बंधन फक्त डाव्या हाताला आहे.

हँडेलच्या आरियांचं तसं नाही. तिथे व्हायोलिनच्या ओळी हँडेलनं स्वतः लिहिल्यात, त्यामुळे 'ओम्ब्रा माइ फू'च्या सुरुवातीचे सूर तुम्हाला वाजवावेच लागतील. अल्बममध्ये या दोन जाती एकत्र येतायत हे लक्षात ठेवा, दोन्हींना एकच हात लावू नका.

एक आठवडा असं करून पाहा. उजवा हात मांडीवर ठेवा. फक्त डाव्या हाताची ओळ आणि तुमचा मित्र, दुसरं काही नाही. अष्टकात दुणावून वाजवायचं नाही, एकेकच स्वर. ती ओळ त्या काळी बहुतेक व्हायोला द गांबा किंवा चेलो या गजानं वाजवायच्या वाद्यांवरही वाजत असे, म्हणून मनात गज धरा. कुठला स्वर गज खाली ओढताना येईल, कुठला वर नेताना, कुठे गज उचलावा लागेल. पियानोवर सगळे स्वर सारख्याच वजनानं पडायला लागतात, ते मोडायचं ते इथे.

मग उजवा हात परत आणा, पण उपाशी ठेवून. चार स्वरांऐवजी दोन. स्वरसंगती बदलते तिथे, किंवा शब्दाला टेकू हवा असतो तिथे. गायकाची चाल वर दुणावायची नाही. आणि गंधार शक्य तितका गायकाला सोडा. ही एक गोष्ट जरी केलीत तरी फरक ऐकू येईल. पियानोचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा जवळजवळ 14 सेंट (अर्ध्या सुराचे 100 सेंट) चढा असतो. गायक चांगला असला तर त्याचा गळा आपसूक खालच्या, गोड गंधाराकडे ओढला जातो. तोच गंधार तुम्ही उजव्या हातानं वाजवत असलात की दोघांचं घर्षण होतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं गायक किंचित उतरलाय. षड्ज आणि पंचम तुम्ही द्या, गंधार त्याला गाऊ द्या.

पेडलबद्दल: हार्पसिकॉर्डला पेडल नसतंच, तरी आम्ही स्वर जोडतो. पुढची पट्टी दाबल्यावरही आधीचं बोट उचलत नाही. पियानोवर हे उत्तम चालतं. हवे तेवढेच स्वर रेंगाळतात, बाकीचे वेळेवर संपतात.

आणि हळू वाजवणं सोडा. हळू वाजवून तुम्ही आघातच पुसून टाकलात, मग त्याला टेकायला उरलं काय? कमी स्वर, पण प्रत्येक स्वर स्पष्ट.


तारसप्तक

मी स्वतः काउंटरटेनर आहे. तुमचा मित्र "जागा दे" म्हणाला, ते गळ्याच्या बाजूनं काय असतं ते सांगतो.

आम्ही मुख्यतः फॉल्सेटोत, म्हणजे गळ्याच्या वरच्या, हलक्या आवाजात गातो. स्वरपट्ट्यांच्या फक्त कडा कंप पावतात. त्यामुळे मूळ स्वर ठळक असतो, पण त्याच्या वरच्या उपस्वरांची रेलचेल टेनरइतकी (म्हणजे पुरुषाच्या नेहमीच्या उंच आवाजाइतकी) नसते. टेनरचा आवाज वाद्यांतून कापून पुढे येतो तो त्या उपस्वरांच्या जोरावर. आमच्याकडे ती धार कमी, नितळपणा जास्त. मग आमच्याच उंचीवर पियानोचा भरगच्च स्वरमेळ आला की आवाज त्यात विरघळतो. दडपला जातो असं नाही, विरघळतोच. माइक कितीही जवळ आणा, उपयोग होत नाही.

दुसरी गोष्ट खालच्या सुरांची. मध्य सप्तकाच्या सुरुवातीला, मधल्या सी-च्या आसपास, फॉल्सेटो पातळ होतो आणि आम्हाला छातीच्या आवाजाकडे सरकावं लागतं. तो सांधा प्रत्येकाचा वेगळा असतो. त्याला विचारा, "तुझे कुठले तीन सूर तुला नको वाटतात?" तो लगेच सांगेल. त्या सुरांच्या वेळी उजवा हात पूर्ण उचला. गायकासाठी साथीदारानं करण्यासारखी याहून मोठी गोष्ट नाही.

पट्टी जरूर उतरवा. जुन्या वाद्यांचे वादक सध्या ए-चा सूर बहुधा 415 हर्ट्झला लावतात, म्हणजे तुमच्या 440च्या पियानोपेक्षा साधारण अर्धा सूर खाली. बहुतेक काउंटरटेनर या गाण्यांची सवय तिथेच करतात. 440च्या पियानोवर मूळ पट्टीत गाताना प्रत्येक वरचा सूर त्याला अर्धी पायरी जास्त चढावा लागतो. 'वेर्दी प्राती' ई मेजरऐवजी ई फ्लॅटमध्ये घेऊन पाहा. तुमच्या बोटांना काही फरक पडणार नाही, त्याच्या गळ्याला पडेल.

'वेर्दी प्राती'वरून आठवलं. 1735 साली 'आल्चिना' ऑपेरा बसत होता तेव्हा कारेस्तिनी या कास्त्रातोनं ही आरिया गायला नकार देऊन परत पाठवली आणि हँडेल भयंकर चिडला, असं बर्नीनं लिहून ठेवलंय. कारण उघड आहे, तिच्यात ताना नाहीत, उड्या नाहीत, गायकाला चमकायला काहीच नाही. हिरवीगार कुरणं सुकून जाणार एवढंच सांगायचंय. ती गाताना मला साथीदाराकडून फक्त एकच हवं असतं: माझ्याआधी दुःखी होऊ नकोस.


काळी_पाच

तुम्ही तिघांनी इतकं मनापासून लिहिलंत. खरंच आभार.

खर्ज, तुमचा आठवडा केला. पहिल्या दिवशी भीती वाटली, अक्षरशः. 'म्यूझिक फॉर अ व्हाइल'चा ग्राउंड, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी खर्जाची ओळ, तीन मापांचा, एकेक पायरी कुरतडत वर चढणारा, आणि माझ्याकडे फक्त तोच. दोनशे वेळा तरी वाजवला असेल मी तो, पण ऐकला पहिल्यांदाच. गायकाची ओळ ग्राउंडबरोबर सुरू होत नाही आणि त्याच्याबरोबर संपतही नाही, हे मला ठाऊक होतं. पण उजवा हात मध्ये नसताना ते दोघं एकमेकांना चुकवत चाललेत हे कानाला लख्ख कळलं. 'पेन्स' या शब्दावर तो खर्जाला खुपणारा सूर धरतो आणि 'ईझ्ड'वर तो सुटतो, पुन्हा सुटतो, पुन्हा. छापील प्रतीत त्या खुपण्याला मी वरून स्वर घालून मऊ करत होते.

आणि अलेक्टो या सूडदेवतेच्या डोक्यावरचे साप गळून पडतात ती जागा. 'ड्रॉप, ड्रॉप, ड्रॉप'. प्रत्येक 'ड्रॉप' ठोक्याच्या बाहेर पडतो, दोन 'ड्रॉप'च्या मध्ये पोकळी असते. मी आजवर ती पोकळी भरत होते! साप खाली पडायला जागाच ठेवली नव्हती.

एक प्रश्न उरतो. ब्रिटनची प्रत सोडताना हात धजत नाही. तो इतका मोठा संगीतकार, त्याला पर्सेल माझ्यापेक्षा हजारपट कळत असणार. ती प्रत पियानोवर सुंदरही लागते. मग ती माझ्या मित्राच्या आवाजाखाली का बुडवते आहे?


खर्ज

ताई, हा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार बरं झालं.

ब्रिटननं ती रूपं स्वतःला आणि पीटर पिअर्सला मैफलीत वाजवण्या-गाण्यासाठी केली. पिअर्स टेनर. टेनर ही गाणी गातो तेव्हा ती एक सप्तक खाली वाजतात. म्हणजे पिअर्सचा आवाज खाली, आणि ब्रिटनचा उजवा हात त्याच्या वर, मोकळ्या आकाशात. तिथे तो हवं ते करू शकत होता. तुमचा मित्र त्याच आकाशात उभा आहे. ब्रिटननं जिथे उजव्या हाताची नक्षी काढली, नेमक्या त्याच उंचीवर काउंटरटेनरचे सूर येतात. ब्रिटन चुकला नाही, तुम्हीही चुकला नाहीत. ते कापड दुसऱ्याच्या मापानं शिवलेलं आहे, एवढंच.

टेनर किंवा बॅरिटोनला साथ कराल तेव्हा ती प्रत जरूर वाजवा. ते ब्रिटनचं पर्सेलवरचं चिंतन आहे आणि मला ते अतिशय आवडतं.

आता तुम्हाला स्वतःचा उजवा हात लिहायचाय, तर गुरू कुठे शोधायचा? खुद्द पर्सेलकडेच. 1683 साली संत सेसिलियाच्या सणासाठी त्यानं 'वेलकम टू ऑल द प्लेझर्स' ही ओड (स्तुतिपर गानरचना) रचली. तिच्यात ग्राउंडवर बांधलेलं एक गाणं आहे, 'हिअर द डीइटीज अप्रूव्ह', तुमच्या मित्राच्याच जातीच्या आवाजासाठी. तेच गाणं पर्सेलनं पुढे हार्पसिकॉर्डसाठी स्वतः उतरवलं, ते 1689 साली 'अ न्यू ग्राउंड' या नावानं छापून आलं. म्हणजे असा एक दाखला आपल्या हातात आहे, जिथे पर्सेलनं स्वतःचं गाणं दोन हातांसाठी लिहून दिलंय. ते समोर ठेवा आणि बघा त्यानं किती कमी लिहिलंय. डाव्या हातात मोडून मोडून चालणारा खर्ज, त्या मोडण्यातूनच स्वरसंगती कळते. उजव्या हातात फक्त गळ्याची ओळ, थोडे अलंकार लावून. मध्ये भरणा जवळपास नाही. गळा नसताना, दोन्ही हात मोकळे असतानाही त्यानं पोकळी तशीच ठेवली.

हा तुकडा अल्बममध्येच का घेत नाही? गाणं आणि लगेच मागोमाग पियानोवर 'अ न्यू ग्राउंड'. तबकडी साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर कदाचित तिथे मिळेल: पियानोला ती ओळ गाता येते, वजन बदलत, श्वास घेत. माझ्या हार्पसिकॉर्डला ते तसं जमत नाही.


पानोपानी

मधेच येतोय, थोडं वेगळं सांगायला. मी जुन्या स्वरलिपींच्या प्रती चाळत असतो.

यादीतलं 'से तू मामी' पेर्गोलेझीचं म्हणून छापू नका. आलेस्सांद्रो पारिसोत्तीनं 'आरिए आंतिके' या संग्रहात ते 1885 साली पेर्गोलेझीच्या नावानं छापलं. त्याआधीची एकही हस्तलिखित प्रत सापडलेली नाही आणि ते पारिसोत्तीनं स्वतःच रचलं असावं असं अभ्यासक मानतात. संगीतकार स्त्राविन्स्कीसुद्धा फसला, 'पुल्चिनेल्ला' या बॅलेमध्ये पेर्गोलेझीचं समजून त्यानं ते घेतलं. गाणं गोड आहे यात वाद नाही, आणि 19व्या शतकातलं पियानोचं गाणं म्हणून वाजवलं तर तुमचे शूबर्टवाले हात तिथे अगदी बरोबर बसतील. पण बरोक म्हणून नको.

पुढेमागे कुणी कच्चीनीचं 'आवे मारिया' घ्या म्हणून सुचवलं तर तेही लक्षात असू द्या. ते 1970च्या सुमारास व्लादिमीर वाविलोव्ह या रशियन वादकानं केलेलं आहे. कच्चीनीशी त्याचा संबंध नाही.


काळी_पाच

तीन आठवड्यांनी येतेय. मधल्या काळात मुद्रणाचा पहिला दिवस पार पडला.

'से तू मामी' काढलं. त्याला वाईट वाटलं, कारण तो ते शिकत असल्यापासून गातोय, पण पटलं. त्या जागी 'हिअर द डीइटीज अप्रूव्ह' आणि मागोमाग 'अ न्यू ग्राउंड' घेतलं. हा बदल मी जन्मभर विसरणार नाही. त्यानं गायलेली ओळ मी पियानोवर परत वाजवते तेव्हा त्यानं कुठे श्वास घेतला ते माझ्या बोटांना माहीत असतं.

पर्सेलचा उजवा हात मी सगळा नव्यानं लिहिला. वहीची सव्वीस पानं खोडली. पहिल्या मसुद्यात प्रत्येक मापात काही तरी होतं, शेवटच्या मसुद्यात 'म्यूझिक फॉर अ व्हाइल'ची पहिली ग्राउंडफेरी उजव्या हाताविना आहे आणि सापांच्या जागी तर पूर्ण शांत. झाकण पूर्ण उघडं. डावं पेडल अजिबात नाही. आवाज कुठेही लपला नाही, आणि मी चाचणीच्या दिवसापेक्षा मोठ्यानं वाजवत होते.

तारसप्तक, तुम्ही सांगितल्याप्रमाणे त्याला ते तीन सूर विचारले. तो आधी गप्प बसला, मग म्हणाला, "हे मला कुणी विचारलं नव्हतं." सूर सांगितले. स्त्रोत्सीच्या गाण्यात ते वारंवार येतात. तिथे चार सुरांचा उतरता खर्ज पुन्हा पुन्हा येतो, 'काय करावं' असं विचारत राहतो. मी त्या सुरांखाली फक्त खर्ज ठेवला. तो सांधा आता मुद्रणात ऐकू येतो, आवाज किंचित काळवंडतो, आणि मला तो शब्दाला शोभतो असं वाटतं. त्यालाही पटलं, नाहीतर पुन्हा केलं असतं.

'वेर्दी प्राती' ई फ्लॅटमध्येच घेतली. एका टेकमध्ये झाली.

शेवटाचं भांडण मिटलं ते असं. 'ईव्हनिंग हिम'मध्ये दिवस मावळल्याचे शब्द संपतात आणि मग त्याच खर्जावर हालेलुया सुरू होतं, लांबच लांब, जणू झोप लागेपर्यंत. माझ्या वहीत तिथे शेवटच्या फेऱ्यांसाठी बरंच काही लिहिलेलं होतं. दुसऱ्या टेकला गाताना त्यानं डोळे मिटले आणि आवाज इतका लहान केला की मला ते वाजवता येईना. मी उजवा हात मांडीवर ठेवला. खर्ज तेवढा चालू ठेवला, संपेपर्यंत. संपल्यावर तो बराच वेळ तसाच उभा होता. यादी हातात घेऊन त्यानं 'ओम्ब्रा'चा आकडा खोडला आणि वर कुठे तरी घातला. तोच टेक ठेवलाय.

'स्वीटर दॅन रोझेस' राहिलंय. 'फ्रीझ' या शब्दावर मी अजूनही घाईनं पुढे जाते, थंडी पडायच्या आत आग लावते. पुढच्या शनिवारी दुसरा दिवस आहे. खर्ज, तोपर्यंत त्या मापांचं माझं लिखाण पाहाल का? दीडच पान आहे.


खर्ज

पाठवा. पण पाठवण्याआधी त्यातला अर्धा भाग खोडून पाठवा.


जुनी_तबकडी

मी ऐकेन असं म्हणालो होतो. शनिवारनंतर वाट पाहतो.